तांदळात लिहिलेले नाव

माणूस गेला तरी वेळापत्रक राहते, यावर अजिनाथ ठुबे यांचा ठाम विश्वास होता. पारनेरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती. जाळीच्या खिडकीआड बसून, कर्ण्यावरून गावांची नावे त्यांनी इतकी वर्षे पुकारली होती, की निवृत्त झाल्यावरही त्यांचा घरातला साधा आवाज फलाटापर्यंत पोहोचेल असाच निघे. गाव त्यांना ‘कंट्रोलर’ म्हणे आणि हे नाव त्यांना मनापासून आवडे.

त्यांच्या पत्नीला गाव ‘ठुबे बाई’ म्हणे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या आणि गेल्या माघात, साध्या तापाचे निमित्त होऊन, घरच्या घरी वारल्या. मुलगा ओम पुण्याहून आला, दिवसकार्य उरकून परत निघाला आणि जाताना म्हणाला, की आईचे सगळे कागद मोबाईलवर पाठवा, मी बघतो. अजिनाथरावांनी त्याला सांगितले, की घरातले कागद घरातला माणूस बघेल.

हे सांगणे धाडसाचे होते, कारण घरातले कागद त्यांनी कधी बघितलेलेच नव्हते. त्यांची स्वतःची पेन्शन इतकी बेताची होती, की आयकर खात्याने तिच्याकडे मान वर करूनही पाहिले नसते. कर लागण्याजोगे उत्पन्न घरात एकट्या बाईंचे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला त्या पिशवी घेऊन बाहेर पडत. मेडिकल दुकानाच्या माडीवर निकिता चेडे ही कर सल्लागार बसे, तिच्याकडून विवरणपत्र भरून घेत, येताना ओली भेळ बांधून आणत आणि म्हणत, “सरकारचं झालं, आता माझं.” त्यातली निम्मी भेळ अजिनाथराव खात. स्टँडवर मात्र ते सांगत, की आमच्या घरी इन्कम टॅक्सचे सगळे आपल्याकडे असते. भेळेपुरते ते खरेही होते.

भेळ खाताखाता बाई त्यांना डिवचत. “तुमची शिरूर गाडी कधी वेळेत सुटली का? माझं रिटर्न बघा. एकदाही उशीर नाही.” अजिनाथराव म्हणत, की रिटर्न पंक्चर होत नाही आणि त्याचा ड्रायव्हर लग्नाला जात नाही. पण टोमणा वर्मी बसे. जुलै उजाडला तेव्हा तोच टोमणा त्यांना आठवला. बाई गेल्या तरी जाण्याच्या दिवसापर्यंतची त्यांची पेन्शन होती, ठेवींवरचे व्याज होते, आणि त्याचे विवरणपत्र महिनाअखेरच्या आत जायला हवे होते. बाईंचे शेवटचे विवरणपत्र आपल्या हातून उशिरा गेले, तर वर गाठ पडल्यावर काय ऐकून घ्यावे लागेल, हे त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होते. तेव्हा बाईंचीच पिशवी खांद्याला लावून, शर्टाला इस्त्री करून ते मेडिकलची माडी चढले.

निकिता चौथीत बाईंच्या वर्गात होती. तिने काकांना पंख्याखालची खुर्ची दिली आणि सगळे समजावून सांगितले. गेलेल्या माणसाचे विवरणपत्र वारसाला भरता येते. त्याआधी वारसाने खात्याच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवायचे. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि दोघांची पॅनकार्डे जोडायची. खात्याने ते मान्य केले, की पुढचे सगळे वारसाच्या सहीने.

“म्हणजे चार्ज माझ्याकडे आला,” अजिनाथराव समाधानाने म्हणाले.

“चार्ज नाही काका, फक्त सही,” निकिता म्हणाली. “चार्ज बाईंकडेच आहे.”

ती कागद एकेक करून बघू लागली. मृत्यूचा दाखला एका हातात, पॅनकार्ड दुसऱ्या हातात धरून ती जराशी थांबली. तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, “काका, ही प्रियंवदा कोण?”

“कोण म्हणजे? बाई.”

“आणि भागूबाई?”

अजिनाथरावांनी पॅनकार्ड डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले. “ती पण बाईच,” ते म्हणाले.

झाले होते ते असे. बाई राजूरच्या. डोंगरातल्या त्या गावात त्यांचा जन्म झाला, वडील बन्सी यांनी मुलीचे नाव भागूबाई ठेवले आणि तिला शिकवून शिक्षिका केले. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहायचे. तरुण अजिनाथ तेव्हा नुकता एसटीत लागला होता आणि वग, नाटके, कीर्तने यांच्या नादात चार भारदस्त शब्द त्याच्या कानी बसले होते. भागूबाई हे नाव त्याला फारच जुने वाटले. त्याने महिनाभर विचार केला आणि राजूरच्याच तांदळात, पाहुण्यांना दिसेल अशा ठसठशीत अक्षरांत ‘प्रियंवदा’ असे लिहिले. भटजींनी वाचले, मांडवातल्या बायकांना ते काही म्हणता येईना, आणि नवरी खाली मान घालून हसली. ते हसणे लाजेचे आहे, असे अजिनाथरावांनी त्या दिवशी धरले आणि आजतागायत त्यात दुरुस्ती केली नव्हती.

त्या दिवसापासून भागूबाई हे नाव त्यांच्या लेखी रद्द झालेली गाडी होते. पुढे घर बांधले तेव्हा फाटकाशेजारच्या खांबावर त्यांनी संगमरवरात ‘प्रियंवदा’ कोरून घेतले. मतदार यादीत, रेशन कार्डावर, शाळेच्या एखाद्या कागदावर भागूबाई दिसले, तर ते म्हणत, की रद्द झालेल्या गाडीचे नाव फलकावरून पुसायचे राहते, तसे हे सरकारी कामाचे. शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापिका म्हणून ‘सौ. ठुबे बी. ए.’ असे असे. भागूबाईचा बी आणि अजिनाथचा ए. स्टँडवरच्या मंडळींनी ती पदवी धरली होती आणि अजिनाथरावांनीही त्यांचा गैरसमज फार हलवला नव्हता.

बाई गेल्या त्या आठवड्यात नगरपंचायतीत नोंद करायला ते स्वतः गेले. आधार कार्ड बाईंच्या पिशवीत राहिले होते. कारकून ओळखीचा, त्यांच्याच स्टँडवरून रोज जाणारा. कंट्रोलरने सांगितले ते त्याने लिहून घेतले. अशा रीतीने पारनेरच्या दप्तरी एक अशी बाई वारली, जी शाळेत, बँकेत, पंचायत समितीत आणि आयकर खात्यात कधी जन्मलीच नव्हती. जी जन्मली होती ती भागूबाई कागदोपत्री अजून ठणठणीत होती. बाईंच्या पेन्शनचे कागद पंचायत समितीतून उलट आले होते आणि त्यांवर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलेले होते. अजिनाथरावांनी ते कारकुनाचे अज्ञान म्हणून कपाटात ठेवून दिले होते.

“मग पॅनकार्ड दुरुस्त करू,” त्यांनी तोडगा काढला. “खरं नाव प्रियंवदा आहे.”

“ज्याचं पॅन त्याची सही लागते, काका. बाईंना बोलवून आणा.”

अजिनाथरावांनी पॅनकार्ड खाली ठेवले. निकिताने आवाज खाली आणला. दाखला आहे तसा जोडला तर अर्ज परत येणार, महिना त्यातच जाणार. त्यापेक्षा नगरपंचायतीत जाऊन दाखल्यातले नाव दुरुस्त करून घ्यावे. प्रतिज्ञापत्र लागेल, बाईंची जुनी कागदपत्रे लागतील आणि दोन माणसे लागतील, ज्यांना ही दोन्ही नावे एकाच बाईची हे खात्रीने ठाऊक आहे. एक ती स्वतः येईल, कारण बाईंचे पॅन तिनेच काढून दिले होते आणि त्या दिवशी घराच्या पाटीवरून तिने बाईंना विचारलेही होते.

“काय म्हणाली ती?” अजिनाथरावांनी विचारले.

“म्हणाल्या, ते घराचं नाव आहे, माझं मी घेऊन आलेय.”

अजिनाथरावांनी पिशवी उचलली आणि कठड्याला धरून ते माडी उतरले.

दुसरा माणूस शोधायला ते साहजिकच स्टँडवर गेले. मुजफ्फर हा निवृत्त ड्रायव्हर त्यांचा जुना सोबती. ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ, अशी दोन्ही घरांची जुनी ये-जा. मुजफ्फरला सगळे ठाऊक असणारच, या भरवशाने त्यांनी बाकावर बसता बसता विचारले, “मुजफ्फर, आमच्या हिचं नाव काय?”

मुजफ्फरने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग चहा सांगितला, साखर जास्त घालायला लावली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारले, की कंट्रोलर, झोप लागते ना? अजिनाथरावांनी दाखल्याची हकिकत सांगितली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, पण उत्तर त्याच्याकडे नव्हते. वहिनी म्हणजे वहिनी. त्याची बायकोही ‘बाई’ म्हणायची. बाकावरच्या इतरांनीही डोकी खाजवली. एकाने ठुबे बाई हेच नाव सांगितले. आडनाव वेगळे करून उरलेले द्या म्हटल्यावर तो बाई म्हणाला.

“अरे, घरावर लिहिलंय एवढं मोठं,” अजिनाथराव वैतागून म्हणाले.

“ते वहिनींचं व्हय?” मुजफ्फर खरोखर चकित झाला. “मला वाटायचं देवीबिवीचं असंल. तुमच्याकडं असत्यात लई.” आणि मग, चहाचा घोट घेऊन, तो अगदी सरळपणे म्हणाला, “आमाला कसं कळावं कंट्रोलर? तुमीच कवा त्या नावानं हाक मारलेली ऐकली न्हाई.”

हे वाक्य अजिनाथराव घरी घेऊन आले. दुपारी ओट्यावर बसून त्यांनी मनाशी हिशेब मांडला. हाक मारली नाही असे कसे होईल? ‘अगं’ म्हटले होते. ‘ऐकलं का’ म्हटले होते. लोकांसमोर ‘आमची ही’, ओमसमोर ‘तुझी आई’, आणि जास्त प्रेम आले तर ‘अहो बाई’. महिनाभर विचार करून ठेवलेले, संगमरवरात कोरलेले ते चार अक्षरी नाव त्यांच्या तोंडून एकदाही गेलेले आठवेना. बायकोला नावाने हाक मारायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. पद्धत नव्हती तर इतके भारी नाव ठेवले कशाला, हा प्रश्न बाईंनी कधी विचारला नव्हता. मनातल्या मनात मात्र विचारला असणार, अशी शंका आज पहिल्यांदाच आली आणि ती काही जाईना. बाई लग्नाच्या मांडवात हसल्या होत्या त्या नक्की कशाला?

हे सांगू शकेल असा एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून, अर्ध्या तिकिटात, आळेफाटा, संगमनेर, अकोले अशा गाड्या बदलत आणि प्रत्येक स्टँडवरच्या नियंत्रकाचा ढिलेपणा मनात टिपून घेत ते राजूरला, मेव्हणा गोरक्ष याच्याकडे निघाले.

गोरक्ष भातलावणीत होता. गुडघाभर चिखलातून त्याने हात वर केला. “या दाजी. गाडी लेट झाली वाटतं?” अजिनाथराव बांधावर उभे राहून कामाचे सांगू लागले. गोरक्षने सगळे ऐकले आणि म्हणाला, की साक्षीला पारनेरला येतो, सख्खी बहीण आहे, पण हे शेवटचे खाचर उरकल्याशिवाय पाय निघणार नाही. रोपे उपटून ठेवलेली आहेत, ती काही महिनाअखेरची वाट बघत नाहीत. अजिनाथरावांनी घड्याळ पाहिले, आभाळ पाहिले आणि काम लवकर आटपावे म्हणून पँट दुमडून ते स्वतःच चिखलात उतरले. त्यांनी लावलेली ओळ बघून बाया पदरात तोंड लपवू लागल्या. “राहू द्या,” गोरक्ष म्हणाला, “वळणं-वळणं घेत चाललीया. घाटातली गाडी हाय ती.”

संध्याकाळी हातपाय धुऊन ते गोरक्षच्या पडवीत बसले होते. समोर गोठ्यात त्याची बायको धार काढायला बसत होती. म्हैस आडवी उभी होती. तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि स्वच्छ, जोडाक्षरासकट म्हटले, “प्रियंवदा, सरक.”

म्हैस सरकली.

अजिनाथरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. गोरक्षने एकदा त्यांच्याकडे, एकदा म्हशीकडे पाहिले आणि हे आता लपवण्यात अर्थ नाही, असे ओळखून खाकरला. लग्नानंतर बहीण पहिल्यांदा माहेरी आली तेव्हाची गोष्ट. वडिलांनी विचारले, की सासरी काय नाव ठेवले? तिने सांगितले. वडिलांना ते म्हणता येईना. पिरवंदा, पिरमंदा असे काहीतरी होऊ लागले. त्याच सकाळी गोठ्यात म्हशीला रेडी झाली होती. बहीण म्हणाली, माझ्या नोकरीच्या कागदांवर भागूबाई आहे आणि तुम्ही हाक मारणार तीही भागूच. हे नवे नाव कोरे करकरीत पडून आहे, रेडीला ठेवा. तेव्हापासून घरात दुधाला जी म्हैस असेल ती प्रियंवदा. ही त्या रेडीच्या नातीची नात असावी, गोरक्षला नेमके सांगता येईना.

“म्हणजे ते तूप,” अजिनाथराव म्हणाले. दर दिवाळीला राजूरहून डबा येई आणि ते वरणावर चमचा उपडा करीत.

“प्रियंवदेचंच,” गोरक्ष म्हणाला.

गोठ्यात धार सुरू झाली. मग अजिनाथरावांनी ज्यासाठी ते इतक्या लांब आले होते तो प्रश्न विचारला. आवाज त्यांचा नव्हता. पहिल्या बाकापर्यंतसुद्धा गेला नसता इतका हळू होता. “हसायची का रे ती? त्या नावाला?”

“हसायची,” गोरक्ष म्हणाला. “खोटं कशाला सांगू? लई हसायची.” त्याने थोडे थांबून गोठ्याकडे हनुवटी केली. “पन दुसऱ्या कुनी हसलं तर खपायचं न्हाई तिला. हिला इचारा. नवी हुती तवा पिरी म्हनली म्हशीला. ताईनं तिथंच उभं केलं, आन् दहा डाव म्हनून घेतलं. म्हनली, आमच्या मालकांनी महिनाभर डोकं लावून काढलेलं नाव हाय. नीट म्हन.”

गोठ्यातून गोरक्षच्या बायकोने मान हलवली. “छडी तेवढी न्हवती हातात,” ती म्हणाली.

अजिनाथरावांनी बशीतला चहा परत कपात ओतला. त्यांनी महिनाभर विचार केला होता हे बाईंना माहीत होते तर. त्यांनी स्वतः ते कुणाला सांगितल्याचे त्यांना आठवत नव्हते. पुढे गोरक्ष पिकाबद्दल, रस्त्याबद्दल बोलत राहिला, आणि ते हूं हूं करत राहिले. झोपायला जाण्याआधी मात्र ते गोठ्यापाशी गेले, म्हशीसमोर उभे राहिले आणि काही न बोलता परत आले. जनावराला नावाने हाक मारणे त्यांना जमले असते. पण बायकोच्या आधी म्हशीला हाक मारावी, हे त्यांना बरे वाटले नाही.

खाचर दुसऱ्या दिवशी उरकले. त्यानंतरच्या सोमवारी नगरपंचायतीत तिघेही हजर होते: इस्त्रीच्या शर्टात अजिनाथराव, पांढरी टोपी घातलेला गोरक्ष आणि फाईल घेऊन निकिता. फाईलमध्ये बाईंचे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र, सेवापुस्तकाची नक्कल, आधार, पॅन, सगळे ओळीने लावलेले होते. कारकून तोच. त्याने कागद चाळले आणि सुचवले, की नाव बदलण्याऐवजी प्रियंवदा ऊर्फ भागूबाई असे लिहिले तर कंट्रोलरसाहेबांचेही नाव राहील आणि कामही होईल. निकिता म्हणाली, की ‘ऊर्फ’ चालायला हरकत नाही, बहुतेक लोक तसेच करतात. सगळ्यांनी अजिनाथरावांकडे पाहिले.

“ऊर्फ नको,” ते म्हणाले. “ती दुसरी राजूरला आहे.”

गोरक्षने टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने तोंड झाकले. कारकुनाला काही कळले नाही, पण त्याने मान डोलावली, नवा अर्ज पुढे ओढला आणि रिवाजाप्रमाणे विचारले, “मयताचं पूर्ण नाव?”

अजिनाथराव उठून उभे राहिले. उभे राहण्याची काही गरज नव्हती. बायकोचे नाव घेण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आलीच नव्हती, त्यामुळे ते कोणत्या आवाजात घ्यायचे हे त्यांना माहीत नव्हते. आणि माहीत नसले, की माणूस आपल्या सवयीच्या आवाजावर जातो.

“भागूबाई अजिनाथ ठुबे.”

पाणीपट्टीच्या रांगेतली माणसे वळून बघू लागली. आतल्या खोलीतला शिपाई बाहेर आला. एका म्हातारीने शेजारणीला विचारले, की कुठली गाडी लागली? कारकुनाने पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि अदबीने म्हणाला, की ऐकू आले साहेब. अजिनाथराव खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते, पण नाव तोंडातून एकदा निघाल्यावर ते वाटत होते तितके जुने वाटत नव्हते. म्हणायला सोपे होते. एवढे सोपे नाव घरात असताना आपण ‘अगं’वर दिवस काढले, याचे त्यांना नवल वाटले.

दुरुस्त दाखला मिळाला. त्याच्या आधारे बाकीचे कागद झाले, खात्याची मान्यता आली आणि महिना संपायला अजून थोडे दिवस शिल्लक असताना अजिनाथराव पुन्हा मेडिकलची माडी चढले. पंचायत समितीतून उलट आलेले, पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाचे कागदही त्यांनी सोबत आणले होते. तेही आता मार्गी लावायचे होते. निकिताने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. बाईंच्या नावामागे खात्याने ‘दिवंगत’ जोडले होते आणि खाली प्रतिनिधी म्हणून त्यांचे नाव होते. लग्नपत्रिकेनंतर इतक्या जवळ छापलेली ती दोन नावे ते पहिल्यांदाच बघत होते, असे त्यांना वाटले. निकिताने आकडे वाचून दाखवले. त्यांतले त्यांना फारसे काही कळले नाही, पण ते प्रत्येक आकड्याला ‘बरोबर’ म्हणाले. शेवटी मोबाईलवर संकेतांक आला आणि तो त्यांनी वाचून दाखवला तेव्हा खालच्या मेडिकलवाल्याने वर मान केली.

“गेलं काका,” निकिता म्हणाली. “वेळेत.”

“राइट टाइम,” अजिनाथराव म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. निकिता प्रिंट काढायला उठली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ प्रिंटरपाशी थांबली. परत आल्यावर तिने विचारले, की घराची पाटी आता बदलणार का? एक ओळखीचा कोरणारा आहे, दगड उलटा करूनही कोरून देतो.

“नको,” ते म्हणाले. “महिनाभर डोकं लावलंय त्याला. आणि ती म्हणालीच आहे ना, घराचं नाव आहे. घरालाच राहू दे.”

खाली उतरल्यावर त्यांनी ओली भेळ बांधून घेतली. भेळवाल्याने सवयीने विचारले, की बाईंची का, कांदा जास्त? आणि मग त्याचे त्यालाच आठवून तो ओशाळला. अजिनाथराव म्हणाले, की हो, बाईंचीच, आणि कांदा जास्तच. त्यांना स्वतःला कांदा आवडत नसे. आजवर बाईंच्या भेळेतला तो ते वेचून बाजूला काढीत आणि बाई तो परत आपल्याकडे ओढून घेत.

फाटकापाशी आले तेव्हा ऊन कलले होते. संगमरवरातल्या चार अक्षरांवर धूळ बसली होती, ती त्यांनी पिशवीच्या कोपऱ्याने पुसली. मग पायरी चढून, कुलूप काढण्यासाठी किल्ली शोधता शोधता, ते दाराला उद्देशून म्हणाले, “भागू, गाडी वेळेत सुटली बरं का.”

आवाज त्यांच्या मते हळू होता. शेजारच्या भिंतीवरून एक डोके वर आले आणि त्याने विचारले, की कंट्रोलर, कोण आलेय घरी?

“कोणी नाही,” अजिनाथराव म्हणाले. “भेळ आणलीय. कांदा खाता का तुम्ही?”